सोन्याचा कण, डीएनए आणि कांद्याचा पापुद्रा: जीन गनच्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी

काम थोडक्यात: एका वनस्पती-प्रथिनाच्या शेवटाला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडलेलं प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) तयार आहे. हे प्रथिन पेशीत नेमकं कुठे जाऊन बसतं ते बघायचं आहे. त्यासाठी कायमचं जनुकीय रूपांतर लागत नाही, एका रात्रीपुरती अभिव्यक्ती पुरते. डीएनएचा लेप दिलेले सोन्याचे कण पेशींत मारणाऱ्या जीन गनने ती मिळते. ई. कोलाय जिवाणूतून काढलेलं साधं प्लाझ्मिड चालतं, अ‍ॅग्रोबॅक्टेरियमला (वनस्पतीत डीएनए नेणाऱ्या जिवाणूला) लागतात तशा टी-डीएनएच्या, म्हणजे न्यायच्या तुकड्याच्या, सीमा लागत नाहीत, आणि दोन प्लाझ्मिडं एकाच कणावर बसवता येतात. प्रोटोप्लास्ट वापरले असते तर पेशीभित्तिका आधीच काढावी लागली असती. इथे पेशी आपल्या ऊतीतच राहते.

लक्ष्य म्हणून कांद्याचा आतला पापुद्रा घेतला. पेशींचा एकच थर, पेशी लांबट आणि मोठ्या, हरितलवकं नाहीत. त्यामुळे क्लोरोफिलची लाल चमक मध्ये येत नाही. कॉर्नेल विद्यापीठात जॉन सॅनफोर्ड आणि एडवर्ड वुल्फ यांच्या गटाने ही पद्धत उभी केली तेव्हा त्यांनीही कांदाच घेतला होता. टंगस्टनच्या कणांवरून कांद्याच्या पेशींत न्यूक्लिइक आम्ल पोचवल्याचा त्यांचा निबंध १९८७ साली आला. तेव्हाचं यंत्र बंदुकीच्या दारूवर चालायचं. आपलं हेलियमवर चालतं, तत्त्व तेच.

यंत्राचा प्रवास वरून खाली असा. हेलियम नळीत भरत जातो. नळीच्या तोंडाशी बसवलेली रप्चर डिस्क ठरावीक दाबाला फुटते. धक्का-लहर खालच्या मॅक्रोकॅरिअरवर, म्हणजे कणांचा थर वाळवलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या चकतीवर आदळते. चकती काही मिलिमीटर खाली झेपावते आणि स्टॉपिंग स्क्रीनच्या जाळीवर अडकते. कण मात्र जाळीतून पुढे निघून प्लेटवर आदळतात. कक्षातली हवा व्हॅक्यूमने काढतात, नाहीतर इतके हलके कण हवेतच वेग हरवून बसतील.

आज यंत्राची फक्त रिकामी तपासणी. दाराच्या रबरी कडेवर जुन्या अगारचा वाळलेला तुकडा होता, तो काढला. व्हॅक्यूम लावून ‘होल्ड’वर ठेवलं आणि काटा दोन मिनिटं पाहिला. हलला नाही. सिलिंडर भिंतीला साखळीने बांधलेला आहे. रेग्युलेटरच्या जोडाला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही.

६ जानेवारी

सोन्याचे कण धुतले. १.० मायक्रॉनचे ३० मिलिग्रॅम, दीड मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये. ट्यूब कमी चिकटणाऱ्या प्लॅस्टिकची घेतली, कारण साध्या ट्यूबच्या भिंतीला सोनं धरून बसतं आणि मोजलेलं वजन हाती येत नाही.

७० टक्के इथेनॉल १ मिलिलिटर घालून ५ मिनिटं व्होर्टेक्स (यंत्रावर जोरात हलवणं). १५ मिनिटं तसंच भिजत ठेवलं. ५ सेकंद स्पिन (सेंट्रीफ्यूज), वरची निवळ काढली. मग निर्जंतुक पाण्याने तीन धुण्या: दर वेळी १ मिलिलिटर पाणी, १ मिनिट व्होर्टेक्स, १ मिनिट स्थिर, २ सेकंद स्पिन. शेवटी ५०० मायक्रोलिटर ५० टक्के ग्लिसरॉल. म्हणजे मिलिलिटरला ६० मिलिग्रॅम.

स्पिनच्या बाबतीत हात आखडता ठेवायचा. सेंट्रीफ्यूज अर्धा मिनिट फिरवलं की सोनं तळाशी घट्ट बसतं, आणि मग कितीही व्होर्टेक्स केलं तरी काही गुठळ्या सुटत नाहीत. छोट्या मशीनचं बटण दाबून ‘एक, दोन’ म्हणेपर्यंत पुरे.

वाटे करतानाही व्होर्टेक्स चालूच ठेवला. सोन्याची घनता १९.३. एक मायक्रॉनचा सुटा कण पाण्यात सेकंदाला साधारण १० मायक्रॉन खाली उतरतो (गणित करून पाहिलं), म्हणजे एक मिलिमीटरला दीड मिनिटाहून थोडं जास्त. पिपेट भरेपर्यंत ट्यूब स्टँडवर ठेवली तर पहिला वाटा पातळ आणि शेवटचा दाट होतो. ५० मायक्रोलिटरचे वाटे केले आणि ४ अंशाला ठेवले.

या आकड्यातून एक सोपी परीक्षाही मिळते. लेप दिलेले कण ट्यूबमध्ये हलवून स्थिर धरले आणि दहा-पंधरा सेकंदांतच वरचं द्रव निवळलं, तर ते सुटे कण नाहीत, गुठळ्या आहेत. सुटे कण इतक्या लवकर बसूच शकत नाहीत.

७ जानेवारी

डीएनए कणांवर बसवणारी, म्हणजे लेपाची द्रावणं. कॅल्शियम क्लोराइड २.५ मोलर: डायहायड्रेट ३.६८ ग्रॅम, पाण्याने १० मिलिलिटर, गाळून निर्जंतुक. स्पर्मिडीन ०.१ मोलर: मुक्त बेस, मिलिलिटरला १४.५ मिलिग्रॅम. फ्रीझरमध्ये आधीच्या कामातली स्पर्मिडीनची ट्यूब होती, तारीख पुसट. तूर्त तीच वापरू.

प्लाझ्मिड: नियंत्रणासाठी ३५एस प्रमोटरखाली (जनुक चालू करणाऱ्या डीएनए-तुकड्याखाली) मोकळं, म्हणजे कशालाही न जोडलेलं जीएफपी. मिडी-प्रेपने काढलं, पाण्यात विरघळवलं, मायक्रोलिटरला १ मायक्रोग्रॅम. २६०/२८० गुणोत्तर (शुद्धतेचं माप) १.८६. ईडीटीएचं प्रमाण जास्त असलेल्या बफरमध्ये डीएनए ठेवायचा नाही. ईडीटीए कॅल्शियमला धरतो आणि लेप नीट बसत नाही.

एमएस (वनस्पती-ऊतींचं पोषक माध्यम) अगार प्लेट ओतल्या: क्षार लिटरला ४.३ ग्रॅम, साखर ३० ग्रॅम, अगार ८ ग्रॅम, पीएच ५.८.

९ जानेवारी

पहिला लेप, पहिले तीन शॉट.

५० मायक्रोलिटर सोनं (३ मिलिग्रॅम) व्होर्टेक्सवर फिरत असतानाच क्रमाने घातलं: डीएनए ५ मायक्रोलिटर, कॅल्शियम क्लोराइड ५० मायक्रोलिटर, स्पर्मिडीन २० मायक्रोलिटर. ३ मिनिटं व्होर्टेक्स, १ मिनिट स्थिर, २ सेकंद स्पिन. निवळ काढून गाळ न हलवता १४० मायक्रोलिटर ७० टक्के इथेनॉल, ते काढून १४० मायक्रोलिटर शुद्ध इथेनॉल, तेही काढून ४८ मायक्रोलिटर शुद्ध इथेनॉलमध्ये मिसळलं. प्रत्येक मॅक्रोकॅरिअरच्या मध्यावर ६ मायक्रोलिटर.

हिशेब: एका शॉटला ३७५ मायक्रोग्रॅम सोनं, म्हणजे एक मायक्रॉनचे सुमारे पावणेचार कोटी कण. डीएनए ०.६ मायक्रोग्रॅमच्या जरा वर. प्लाझ्मिड ६ किलोबेसचं धरलं आणि सगळा डीएनए कणांवर बसला असं मानलं, तर एका कणावर अडीच हजारांहून जास्त प्रती. पेशीला एक कण पुरतो तो यामुळेच.

कांदा: बाहेरच्या दोन पाकळ्या सोडून तिसरी-चौथी. पाकळीच्या खोलगट बाजूला ब्लेडने दोन सेंटिमीटरचा चौकोन आखला आणि चिमट्याने पापुद्रा ओढला. ताजा कांदा असेल तर तो सलग निघतो. पाकळीच्या गराला चिकटलेली बाजू वर ठेवून अगारवर पसरला, कारण दुसऱ्या बाजूला क्युटिकल (मेणचट थर) असतं. खाली हवेचा बुडबुडा राहिला तर मारा बसताना पापुद्रा तिथेच फाटतो.

शॉट: ११०० पीएसआयची (दाबाचं एकक) डिस्क, रेग्युलेटर १३०० वर (डिस्कच्या आकड्यापेक्षा २०० वर ठेवायचा), लक्ष्य ६ सेंटिमीटरवर, व्हॅक्यूम २७ इंच पारा. प्लेटचं झाकण काढलं का, हे दार बंद करण्यापूर्वी दोघांनी पाहायचं, असं ठरवलं. प्लेट अंधारात, २३ अंशाला.

१० जानेवारी

तिन्ही प्लेट वाया. पहिलीवर ४ चमकणाऱ्या पेशी, दुसरीवर १, तिसरीवर शून्य. साध्या उजेडात मात्र बरंच कळलं. पापुद्र्यात जागोजाग छिद्रं, छिद्राच्या तोंडाशी काळ्या ढेकळांसारखं सोनं, आजूबाजूच्या पेशी आक्रसून मेलेल्या. गुठळी पेशीत जात नाही, ती पेशी फोडते. कणाचं वस्तुमान व्यासाच्या घनाने वाढतं. त्यामुळे दहा मायक्रॉनची गुठळी एका कणाच्या शेकडो पट जड असते.

कालचे न वापरलेले दोन मॅक्रोकॅरिअर भिंगाखाली पाहिले. मध्ये सोन्याचे ठिपके, कडेला जाड कंकण, आणि या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात नुसतं प्लॅस्टिक. शॉट मारण्यापूर्वीच हे पाहायला हवं होतं. यापुढे भिंगाखाली पाहिल्याशिवाय एकही मॅक्रोकॅरिअर यंत्रात जाणार नाही.

११ जानेवारी

गुठळ्यांचं मूळ शोधलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणून चार ट्यूब समांतर.

१: सगळं ९ तारखेप्रमाणे.
२: फक्त स्पर्मिडीन नवं (आज उघडलेल्या वायलमधून बनवलेलं).
३: फक्त शुद्ध इथेनॉल नव्या बाटलीतलं.
४: दोन्ही नवं.

पहिली ट्यूब दहा सेकंदांत निवळली. दुसरीत बराच फरक, पण मॅक्रोकॅरिअरवर वाळल्यावर कडेला कंकण राहिलंच. तिसरी पहिलीसारखीच. चौथीतलं द्रव मिनिटभर तपकिरी-सोनेरी आणि एकसारखं राहिलं, आणि वाळल्यावर भिंगाखाली थर दिसला तो काचेवर श्वास सोडल्यावर येणाऱ्या वाफेसारखा: पातळ, सलग, जवळून पाहिलं तर बारीक दाणेदार.

म्हणजे दोन वेगळे दोष होते. स्पर्मिडीन हवेने आणि वेळेने खराब होतं. त्याचे अमिनो गट गेले की डीएनए कणावर नीट बसत नाही. म्हणून २५ मायक्रोलिटरचे वाटे करून उणे २० ला, एक वाटा एकदाच, महिन्याने उरलेले टाकून द्यायचे. दुसरा दोष इथेनॉलचा. वारंवार उघडलेली शुद्ध इथेनॉलची बाटली हवेतलं पाणी ओढून घेते. वाळताना इथेनॉल आधी उडतं, मागे राहिलेल्या पाण्याच्या थेंबात कण गोळा होतात आणि थेंब आटला की एकमेकांना चिकटतात. कडेचं कंकण हे त्याचंच.

दमट दिवशी नवं इथेनॉलही पुरत नाही. मॅक्रोकॅरिअर होल्डरसकट पेट्री डिशमध्ये, खाली सिलिका जेल, वर गाळण-कागदाचा तुकडा, अशी मांडणी केली. सोनं टाकायच्या आधी मॅक्रोकॅरिअरही त्यातच कोरडे करून घ्यायचे.

१३ जानेवारी

चौथ्या ट्यूबच्या पद्धतीने नवा लेप, सहा शॉट. लेप चांगला, पण आज यंत्राच्या बाजूने दोन गोष्टी बिघडल्या.

दुसऱ्या शॉटला ११०० ची डिस्क ८०० च्या आसपासच फुटली. काढून पाहिली तर मध्यभागी पाकळ्यांसारखी उमललेली नव्हती. कडेने सरकून एका बाजूला फाटली होती. कॅप हाताने घट्ट केली होती, टॉर्क पाना लावलाच नव्हता. कॅप सैल असली की दाबाखाली डिस्क घसरते आणि छापील आकड्याच्या खूप आधी सुटते. असा शॉट मोजायचा नाही, प्लेटवर फुली.

पाचव्याला उलट झालं. काटा १३०० पर्यंत जाऊन तिथेच थांबला, डिस्क फुटेना. ‘फायर’ सोडलं, व्हॅक्यूम सोडला, कॅप उघडली. आत दोन डिस्क एकमेकींना चिकटलेल्या निघाल्या. आयसोप्रोपेनॉलमध्ये बुडवल्यावर त्या पाण्यातल्या कागदासारख्या बिलगतात. आता डिस्क एकेक करून चिमट्याने उचलायची, ७० टक्के आयसोप्रोपेनॉलमध्ये क्षणभर बुडवायची, कडेने बोट फिरवून एकच आहे याची खात्री करायची आणि ओली असतानाच कॅपमध्ये बसवायची. मिनिटभर भिजत ठेवलेली डिस्कही कामाची नाही, तिचे थर सुटायला लागतात.

फुटण्याचा दाब प्रत्येक शॉटला लिहायचा. ‘फायर’ दाबून धरणारा काट्यावर नजर ठेवेल, दुसरा आकडा लिहील. डोळ्यांवर चष्मा दोघांच्याही.

१४ जानेवारी

बिघडलेले दोन सोडून चार प्लेट. ६२, ७१, ५५, ६८ चमकणाऱ्या पेशी. पहिल्यांदाच मोजता येईल असं काही मिळालं.

मोकळं जीएफपी जसं दिसायला हवं तसंच दिसतं आहे. २७ किलोडाल्टनचं प्रथिन केंद्रक-छिद्रांतून आपोआप पार होतं, म्हणून पेशीद्रव आणि केंद्रक दोन्ही हिरवी. मधली मोठी रिक्तिका काळी, आणि तिच्यातून जाणारे पेशीद्रवाचे धागे जिवंत हलताना दिसतात. एका पेशीत धाग्यावरून सरकणारे बारीक कण बराच वेळ पाहिले. धागे वाहताहेत म्हणजे पेशी धडधाकट आहे. मोजणीत अशाच पेशी धरल्या. बऱ्याच चमकणाऱ्या पेशींत सोन्याचा काळा ठिपका केंद्रकात किंवा त्याला खेटून दिसला.

१७ जानेवारी

दाब, अंतर आणि कणाचा आकार बदलून पाहिलं. प्रत्येकी तीन प्लेट, सगळ्यांना एकाच दिवशीचा लेप.

१३५० पीएसआय, ६ सेंटिमीटर: मधोमध पैशाएवढा भाग पूर्ण मेलेला, चमकणाऱ्या पेशी त्याच्या भोवती वर्तुळात. हा घाव वायूच्या झोताचा, कणांचा नव्हे. ११०० ला ९ सेंटिमीटर: मध्य शाबूत, पण कण विखुरले आणि संख्या निम्म्याच्या आसपास. ९०० ला ६ सेंटिमीटर: ११०० च्या जवळपासच, आणि मेलेल्या पेशी त्याहून कमी. हे उपयोगाचं.

०.६ मायक्रॉनचे कण, ११०० ला ६ सेंटिमीटर: पेशींवरची जखम लहान. वजन तेवढंच घेतलं तर कण साडेचार पटीहून जास्त होतात, त्यामुळे संख्या वाढायला हवी. प्रत्यक्षात थोडीच वाढली. इतके बारीक कण गुठळ्या करायलाही जास्त उत्सुक असतात, आणि त्यांचा थर दर वेळी सारखा येईना. एका थराच्या पापुद्र्याला १.० मायक्रॉन पुरेसा आहे. भ्रूण किंवा कॅलसचं (अविभेदित पेशींच्या गोळ्याचं) काम आलं की ०.६ कडे परत येऊ. तिथे पेशी लहान असतात आणि माऱ्यानंतर त्या जगून वाढल्या पाहिजेत.

टंगस्टन मुद्दाम घेतलं नाही. स्वस्त आहे, पण आकार वेडावाकडा, काही पेशींना विषारी, आणि त्याच्या पृष्ठभागावर डीएनए हळूहळू तुटतो.

ठरलं: ९०० पीएसआय, ६ सेंटिमीटर, १.० मायक्रॉन.

आजची आणखी एक नोंद. व्हॅक्यूम २७ इंचांवर पोचल्यावर लगेच ‘होल्ड’ आणि लगेच ‘फायर’. रेंगाळलं तर पापुद्र्यातलं पाणी उडतं आणि कडा वर वळतात. समुद्रसपाटीपासून उंचावरच्या प्रयोगशाळेत काटा २७ पर्यंत जाणारच नाही. तिथे पंप नादुरुस्त समजण्यापूर्वी हवेचा दाब बघावा.

२० जानेवारी

आता खरं प्लाझ्मिड. जीएफपी-जोडणीसोबत मोकळं एमचेरी (लाल चमकणारं प्रथिन), दोन्ही एकाच शॉटमध्ये. लेपापूर्वीच डीएनए एकत्र केला, प्रत्येकी २.५ मायक्रोलिटर. वेगवेगळे लेप देऊन सोनं मागाहून मिसळायचं नाही. पेशीला बहुतेक वेळा एकच कण मिळतो, मग निम्म्या पेशी फक्त हिरव्या आणि निम्म्या फक्त लाल निघतात.

डीएनए ५ मायक्रोग्रॅमवरच ठेवला. दुप्पट घातला तर चमक वाढेल असं वाटतं, पण जास्त डीएनए कणांना एकमेकांशी बांधतो आणि पुन्हा गुठळ्या होतात.

नियंत्रणं: मोकळं जीएफपी अधिक एमचेरी, डीएनएशिवाय लेप प्रक्रियेतून गेलेलं सोनं, आणि मारा न केलेला पापुद्रा. प्रत्येकी तीन प्लेट. सगळे शॉट ८७० ते ९३० च्या दरम्यान फुटले.

काम संपल्यावर सिलिंडरची झडप बंद केली, कक्षात व्हॅक्यूम लावून ‘फायर’ दाबत नळीतला उरलेला हेलियम सोडला, दोन्ही काटे शून्यावर आल्यावर रेग्युलेटर सैल केला. जाळ्या आणि होल्डर इथेनॉलमध्ये सॉनिकेट करून ऑटोक्लेव्हला. जुनं सोनं होल्डरवर राहिलं तर पुढच्या शॉटला तेही उडतं, आणि त्यावर आधीचा डीएनए असू शकतो.

२१ जानेवारी

आधी डीएनए नसलेल्या प्लेट पाहिल्या. छिद्रांच्या कडेच्या मेलेल्या पेशींच्या भित्ती हिरव्या फिल्टरखाली मंद चमकतात. हीच चमक पिवळ्या आणि लाल फिल्टरखालीही दिसते, आणि ती भित्तीपुरतीच असते. हे चित्र डोळ्यांत बसलेलं बरं, नाहीतर जखमी पेशीच ‘भित्तिकेत प्रथिन’ म्हणून नोंदली जायची.

जोडणीच्या प्लेट: ४१ पेशींत दोन्ही रंग. लाल रंग पेशीद्रवात आणि केंद्रकात, अपेक्षेप्रमाणे. हिरवा मात्र दोन ठिकाणी: केंद्रकात ठळक, आणि पेशीच्या कडेने एक बारीक रेघ. ही रेघ पेशीपटलाची की भित्तिकेची, हे असंच सांगता येत नाही. रिक्तिका पेशीद्रवाला आणि पटलाला भित्तीशी दाबून धरते.

प्लाझ्मोलिसिस केला, म्हणजे पाणी ओढून घेऊन पेशीद्रव आकसवलं. ०.८ मोलर मॅनिटॉल (१०० मिलिलिटरला १४.६ ग्रॅम) स्लाइडच्या कडेने सोडलं, समोरून टिपकागद लावून ओढून घेतलं. दहा मिनिटांत पेशीद्रव भित्तीपासून सुटलं. हिरवी रेघ त्याच्याबरोबर आत आली. भित्ती काळी राहिली. आकसलेल्या पेशीद्रवापासून भित्तीपर्यंत ताणलेले केसासारखे धागेही हिरवे दिसले. ते पटलाचेच असतात. ३० पेशी पाहिल्या, एकीतही भित्तीवर हिरवा रंग मागे राहिला नाही.

प्रथिन पटलावर आणि केंद्रकात आहे, भित्तिकेत नाही. केंद्रकातला हिरवा रंग पूर्ण जोडणीचा की तुटून मोकळ्या झालेल्या जीएफपीचा, हे अजून बाकी आहे. जोडणी मोठी आहे, छिद्रांतून आपोआप जाण्याइतकी लहान नाही. तुटलेलं जीएफपी मात्र सहज जाईल. पेशीद्रवात हिरवा रंग जवळजवळ नाही, त्यावरून पहिली शक्यता जास्त वाटते, पण तेवढ्यावर लिहिता येणार नाही. चमकणाऱ्या पेशी वेस्टर्नला (प्रथिनाचा आकार तपासणाऱ्या चाचणीला) पुरण्याइतक्या नाहीत. म्हणून केंद्रकाकडे नेणारा संभाव्य संकेत काढलेलं रूप बनवायला घेतलं आहे. ते आलं की हाच ९०० चा मारा, त्याच नियंत्रणांसह. स्पर्मिडीन त्या दिवशी नवं बनवायचं.